टाचणीच्या टोकावरचे खनिज: पावडर फिल्मच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

प्रकल्पाची व्याप्ती आज निश्चित केली. जुन्या संग्रहातील चार सूक्ष्म नमुन्यांच्या चिठ्ठ्या गहाळ आहेत, आणि क्ष-किरण विवर्तनाच्या (स्फटिकातील अणूंच्या थरांवरून क्ष-किरण ठराविक कोनांत वळण्याच्या) साहाय्याने त्यांतील खनिजे ओळखून नव्या चिठ्ठ्या तयार करायच्या आहेत. न-१ या नमुन्यात तपकिरी मातकट पुटावर हिरव्या सुया असून त्यांच्या बुडाशी मखमलीसारखा हिरवा थर आहे. न-२ हा पितळी रंगाचा एकच कण आहे. न-३ मध्ये हिऱ्यासारखी चकाकी असलेले दोन रंगहीन तुकडे आहेत. न-४ हे न-१ च्या खालचेच तपकिरी पूट आहे, परंतु त्याची तपासणी स्वतंत्रपणे करायची आहे.

पद्धत म्हणून पावडर फिल्म निवडली, कारण इथे खरी अडचण वस्तुमानाची आहे. सपाट धारकावर चूर्णाचा थर पसरून चालणाऱ्या नेहमीच्या डिफ्रॅक्टोमीटरला जेवढा माल लागतो, तेवढा या चारही नमुन्यांत मिळून निघणार नाही. याउलट डेबाय-शेरर कॅमेऱ्यात, म्हणजे नमुन्याभोवती फिल्म गोलाकार बसवलेल्या कॅमेऱ्यात, काचेच्या तंतूच्या टोकावर बसवलेली ०.२ मिलिमीटर व्यासाची गोळी पुरते. खनिजाची घनता ४ धरली तर अशा गोळीचे वजन सुमारे १७ मायक्रोग्रॅम भरते. पीटर डेबाय आणि पॉल शेरर यांनी ही पद्धत १९१६ मध्ये मांडली, आणि अमेरिकेत अल्बर्ट हल हे त्यांच्यापासून स्वतंत्रपणे त्याच सुमारास तिथेच पोहोचले. एवढ्या जुन्या पद्धतीकडे वळण्याचे दुसरेही एक कारण आहे. फिल्मवर रेषेचे स्थान तर मिळतेच, पण ती रेषा गुळगुळीत आहे, ठिपक्यांची आहे की पसरट आहे हेही डोळ्यांना दिसते. आकड्यांच्या यादीत ही माहिती उरत नाही, आणि मिश्र नमुन्यात नेमकी तीच लागते.

११ जानेवारी

कॅमेरा ११४.६ मिलिमीटर व्यासाचा आहे. हा विचित्र वाटणारा आकडा सोयीसाठी ठरवलेला आहे, कारण या व्यासाचा परीघ ३६० मिलिमीटर येतो आणि फिल्मवरचा एक मिलिमीटर म्हणजे विवर्तन कोनाचा, अर्थात दोन थीटाचा, बरोबर एक अंश होतो. चूर्णातून प्रत्येक कोनाचे किरण शंकूसारखे बाहेर पडतात आणि फिल्मवर दोन बाजूंना कमानी उमटवतात. एकाच शंकूच्या डाव्या-उजव्या कमानींमधील अंतराला चारने भागले की थीटा अंशांमध्ये हाती येतो. याच्या निम्म्या व्यासाचा, ५७.३ मिलिमीटरचा कॅमेराही उपलब्ध आहे आणि त्याला प्रकाशनाचा, म्हणजे फिल्मवर किरण पडू देण्याचा, वेळ बराच कमी लागतो. तरीही जवळजवळ असलेल्या रेषा वेगळ्या दिसाव्यात म्हणून मोठाच कॅमेरा वापरायचे ठरवले.

फिल्म स्ट्रॉमॅनिस पद्धतीने बसवली आहे. या मांडणीत फिल्मला दोन छिद्रे असतात, एकातून किरणशलाका आत येते आणि दुसऱ्यातून बाहेर जाते, तर फिल्मची दोन्ही टोके एका बाजूला एकत्र येतात. बाहेर जाणाऱ्या छिद्राभोवतीच्या रेषाजोड्यांची सरासरी काढली की शून्य अंशाचे स्थान मिळते आणि आत येणाऱ्या छिद्राभोवतीच्या जोड्यांवरून १८० अंशांचे. या दोन केंद्रांमधील अंतर कागदावर १८० मिलिमीटर असायला हवे, पण धुऊन वाळलेली फिल्म आकसते, त्यामुळे ते प्रत्यक्षात थोडे वेगळे येते. पद्धतीची खुबी अशी की आकसण्याचे प्रमाण त्याच फिल्मवरून मोजता येते आणि कॅमेऱ्याच्या त्रिज्येवर विश्वास टाकावा लागत नाही.

चाचणीसाठी क्वार्ट्झच्या बारीक चूर्णाची फिल्म घेतली. तांब्याची नळी, निकेलचा फिल्टर, तरंगलांबी १.५४१८ अंगस्ट्रॉम (एक अंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग). कोनावरून अणुथरांमधील अंतर, म्हणजे डी-मूल्य, काढले तर सर्वांत ठळक रेषा ३.३४ अंगस्ट्रॉमला, तिच्या आत ४.२६ ची मध्यम रेषा आणि पुढे १.८१८ ची, सर्व आपापल्या जागी आहेत. दोन थीटाच्या ६८ अंशांजवळ क्वार्ट्झच्या रेषांचा जो दाट पुंजका असतो, तो सुटा सुटा दिसतो का, हे मी कॅमेऱ्याची मांडणी नीट असल्याची खूण मानतो. तो सुटा दिसला. मागच्या बाजूला, मोठ्या कोनांवर, के-अल्फा एक आणि के-अल्फा दोन या तांब्याच्या अगदी जवळजवळच्या दोन तरंगलांबींच्या जोडरेषाही वेगळ्या झालेल्या आहेत.

१५ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस न-१ चे चूर्ण तंतूवर बसवण्यात गेला. काम सांगायला सोपे असले तरी हाताला अवघड आहे, म्हणून ते तपशिलाने लिहून ठेवतो.

द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली चाळीस पट मोठे करून पाहिल्यावर मखमली थराचा आणि दोन-तीन सुयांचा मिळून एक तुकडा बारीक सुईने सोडवला. कोरड्या हवेत असा तुकडा पोलादी सुईजवळ येताच स्थिर विजेमुळे उडी मारतो आणि पुन्हा सापडत नाही, म्हणून सुईच्या टोकाला नाकाच्या बाजूच्या त्वचेचा किंचित तेलकटपणा लावून घेतला. त्याला कण अलगद चिकटतो. पुढे तो काचपट्टीवर ठेवून वरून दुसरी पट्टी टेकवली आणि न घासता केवळ दाबून फोडला. खलबत्त्यात घातला असता तर अर्धा माल खलाच्या भिंतीला लागून राहिला असता. शिवाय अति घोटण्याने स्फटिकांची जालकरचना (अणूंची नियमित मांडणी) बिघडून रेषा पसरट होतात, आणि काही खनिजे तर घोटण्यानेच रूप बदलतात. कॅल्साइट दीर्घकाळ घोटले तर त्याचा काही भाग ॲरागोनाइटमध्ये बदलतो, हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

चूर्ण गोळा करण्यासाठी पातळ केलेल्या रबरी गोंदाचा, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब पट्टीवर टेकवला आणि तो सुकत येऊन चिकट होण्याची वाट पाहिली. मग तो थेंब सुईने चूर्णावरून फिरवला. फिरता फिरता तो हिरवा होत जातो आणि त्याची गोळी बनते. ही गोळी सुमारे ०.०५ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूच्या टोकावर घेतली आणि तंतू पितळी खुंटीत मेणाने रोवला. गोंदाचे प्रमाण जितके कमी ठेवता येईल तितके बरे, कारण गोंद आणि काच दोन्ही अस्फटिकी असल्यामुळे ती फिल्मवर रेषा देत नाहीत, पण एक धूसर पट्टा मात्र देतात आणि त्यात फिकट रेषा बुडून जातात.

खुंटी कॅमेऱ्यात बसवल्यावर ती फिरवत, भिंगातून पाहत, ढकलणाऱ्या स्क्रूने गोळी अक्षावर आणली. फिरताना गोळी जागची हलेनाशी झाली की केंद्रीकरण पुरे झाले.

१६ जानेवारी

न-१ ची फिल्म सहा तास प्रकाशित केली. दाब ४० किलोव्होल्ट, प्रवाह २० मिलिॲम्पिअर. किरणशलाकेची वाट अचूक आहे की नाही, हे बाहेर जाणाऱ्या टोकाच्या शिसेयुक्त काचेमागील प्रतिदीप्त पडद्यावर आधीच पाहून घेतले. पडद्यावरच्या उजळ ठिपक्याच्या मधोमध तंतूची बारीक सावली दिसत होती. डेव्हलपर २० अंश सेल्सिअसवर, पाच मिनिटे. फिक्सर दहा मिनिटे. पुढे वाहत्या पाण्यात अर्धा तास धुऊन फिल्म उभी टांगली, जेणेकरून ती सर्वत्र सारखीच आकसेल.

१९ जानेवारी

फिल्म उजेडपेटीवर ठेवून मोजली. प्रत्येक रेषेवर काटा डावीकडून एकदा आणि उजवीकडून एकदा आणून वाचन घेतले, कारण एकाच दिशेने आले तर डोळा रेषेची जवळची कडाच धरतो.

सर्वांत ठळक रेषेची दोन वाचने ७७.१० आणि १२२.६० आली. त्यांची सरासरी ९९.८५ आहे आणि इतर जोड्यांच्या सरासऱ्याही त्याच्याशी जुळतात, म्हणून शून्याचे स्थान ९९.८५ धरले. मागच्या बाजूचे केंद्र २७९.४९ वर आले. दोहोंतील अंतर १७९.६४, म्हणजे फिल्म दर हजारी दोन इतकी आकसली आहे आणि प्रत्येक अंतराला १.००२ ने गुणणे आवश्यक आहे. ४५.५० चे ४५.५९ झाले, थीटा ११.४० अंश आला आणि डी-मूल्य ३.९०. ही दुरुस्ती टाळली असती तर ते ३.९१ आले असते. एवढ्या फरकाने खनिज बदलत नाही, परंतु यादीतील शेजारच्या नोंदी उगाच उमेदवार ठरतात.

मोजलेली मुख्य डी-मूल्ये अशी आहेत: ६.३६, ५.९७, ५.३५, ५.०५, ३.९०, ३.६९, २.८६, २.६८ आणि २.५२. त्यांपैकी ३.९०, २.५२ आणि २.८६ सर्वांत ठळक वाटतात. तीव्रता डोळ्यांनी ठरवताना मोजपट्टी म्हणून क्वार्ट्झची एकच रेषा एक, दोन, चार, आठ अशा दुपटीच्या वेळांनी प्रकाशित करून घेतलेली फिल्मपट्टी शेजारी ठेवली होती. क्ष-किरणांखाली फिल्मचे काळेपण बऱ्याच मर्यादेपर्यंत प्रकाशनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ही युक्ती चालते.

लहान कोनांवरील मूल्यांवर फार भिस्त ठेवू नये, हे गणितही इथेच करून ठेवले. जोडीच्या अंतरात ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर थीटात ०.०२५ अंशांची चूक होते. डी-मूल्यातील सापेक्ष चूक ही थीटाच्या कोटँजंटच्या प्रमाणात असते. म्हणून थीटा ७ अंशांच्या आसपास, म्हणजे ६.४ अंगस्ट्रॉमजवळ, ती साधारण ०.०२ अंगस्ट्रॉम होते, तर थीटा ४० अंशांवर एका अंगस्ट्रॉममागे ०.०००५ एवढीच उरते. त्यातच नमुन्याचे शोषण भर घालते. गोळीच्या आतून येणारे लहान कोनांचे किरण गोळीतच अडतात, बाहेरच्या कडेवरून आलेलेच फिल्मपर्यंत पोहोचतात, आणि रेषा थोडी बाहेर सरकून डी-मूल्य कमी येते. माझी पहिली दोन मूल्ये याच कारणाने खाली उतरलेली असावीत.

२३ जानेवारी

शोध हॅनवॉल्टच्या रीतीने सुरू केला. हॅनवॉल्ट, रिन आणि फ्रेव्हेल यांनी १९३८ मध्ये हजार पदार्थांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि सर्वांत ठळक तीन रेषांवरून पदार्थ शोधण्याची जी वाट घालून दिली, तिच्यावरच पुढचा कार्डसंग्रह आणि आजची सूची उभी आहे. रीत साधी आहे. पहिली रेषा ज्या गटात बसते तो गट उघडायचा, त्यात दुसरी रेषा शोधायची, तिसरीने खात्री करायची आणि मग पूर्ण यादी ताडून पाहायची.

३.९०, २.५२ आणि २.८६ या त्रिकुटाला एकही समाधानकारक नोंद मिळत नाही. यात नवल नाही. नमुना मिश्र असेल तर तीन ठळक रेषा एकाच खनिजाच्या असतीलच असे नाही, आणि नऊ रेषांमधून तीन-तीनचे गट करून पाहणे हा वेळेचा अपव्यय आहे. तिथे फिल्मकडे पुन्हा पाहणेच अधिक फलदायी ठरते.

दहापट भिंगाखाली ३.९० ची कमान पाहिली तर ती सलग नाही. तिच्यात बारीक, टोकदार ठिपके आहेत, काही गडद, काही फिके, आणि मधूनमधून मोकळी जागा. तिच्याच शेजारची ३.६९ ची कमान मात्र पेन्सिलीने ओढलेल्या रेषेसारखी एकसंध आहे. मग सर्व रेषा या एकाच कसोटीवर लावल्या. ठिपक्यांच्या रेषा: ६.३६, ५.३५, ३.९०, २.६८. गुळगुळीत रेषा: ५.९७, ५.०५, ३.६९, २.८६. आणि २.५२ ची रेषा दोन्ही प्रकारची आहे, गुळगुळीत पट्टीवर ठिपके बसलेले.

कारण सरळ आहे. किरणांच्या वाटेतील स्फटिक साधारण १० मायक्रॉनहून बरेच मोठे असतील तर विवर्तनाला योग्य दिशेत पडणाऱ्यांची संख्या अपुरी पडते, आणि शंकू पूर्ण भरण्याऐवजी प्रत्येक स्फटिक आपला वेगळा ठिपका उमटवतो. गोळी फिरत असूनही ठिपके राहिले याचा अर्थ एक घटक भरड आहे आणि दुसरा अतिशय बारीक. नमुना केवळ दाबून फोडला होता, त्यामुळे मुळातील हा भेद टिकून राहिला. सुया फुटून भरड तुकडे झाले आणि मखमली थर आधीच बारीक होता, असा अंदाज बांधता येतो.

आता दोन याद्या वेगवेगळ्या शोधल्या. गुळगुळीत यादी मॅलाकाइटशी जुळते: २.८६ सर्वांत ठळक, त्यापाठोपाठ ३.६९, ५.०६, ५.९९ आणि २.५२. ठिपक्यांची यादी ब्रोकँटाइटशी: ३.९० आणि २.५२ ठळक, सोबत ५.३६, ६.३९ आणि २.६८. म्हणजे २.५२ ची रेषा दोघांचीही आहे, आणि तिचे मिश्र रूप त्याला दुजोरा देते. मॅलाकाइट हे तांब्याचे हायड्रॉक्सिल असलेले कार्बोनेट आणि ब्रोकँटाइट हे तसेच सल्फेट. ऑक्सिडीकरण झालेल्या ताम्रखनिजांच्या थरात दोन्ही एकमेकांजवळ सापडतात आणि नुसत्या हिरव्या रंगावरून त्यांची फारकत करणे धोक्याचे असते.

हल्ली फिल्म स्कॅन करून कमानीच्या आडव्या पट्टीतील काळेपणाची सरासरी काढतात आणि तिचा आलेख करतात. मोजमापाला ते सोयीचे आहे. मात्र सरासरी काढताच ३.९० आणि ३.६९ ही दोन्ही टोके सारखीच दिसू लागतात आणि ज्या भेदावर आजचा निकाल उभा आहे तो पुसला जातो. म्हणून माझे मत असे की स्कॅन जरूर करावा, परंतु भिंगातून पाहून झाल्यावर.

३० जानेवारी

ठिपक्यांवरून केलेली विभागणी हे अनुमान आहे, त्याला स्वतंत्र पुरावा हवा. यासाठी एकच सुई, न फोडता, गांडोल्फी कॅमेऱ्यात लावली. सुईची जाडी सुमारे ४० मायक्रॉन.

जी. गांडोल्फी यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या या कॅमेऱ्यात कण एकाच वेळी दोन अक्षांभोवती फिरतो. पहिला कॅमेऱ्याचा मुख्य अक्ष आणि दुसरा त्याच्याशी ४५ अंश कललेला. दोन्हींचे वेग असे ठेवलेले असतात की एकच स्फटिक कालांतराने जवळजवळ सर्व दिशांना तोंड करतो आणि चूर्णासारखी फिल्म देतो. कण फोडावा लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. दुबळी बाजू अशी की दिशांचे वाटप पूर्णपणे समान नसते, म्हणून तीव्रतांवर जपून विसंबावे. प्रकाशनाचा वेळही मोठा लागतो. एवढ्या लहान कणासाठी हवेमुळे होणारे विकिरण फिल्म काळवंडून टाकते, त्यामुळे कॅमेऱ्यात हेलियम सोडून तीन दिवसांचे प्रकाशन ठेवले.

२ फेब्रुवारी

गांडोल्फी फिल्मवर ६.३८, ५.३६, ३.९०, २.६८ आणि २.५२ या रेषा आहेत. ५.०६ आणि ३.६९ यांच्या जागी पार्श्वभूमीपलीकडे काहीही नाही. सुई ब्रोकँटाइटची आहे. ६.३८ हे मूल्य चूर्णाच्या फिल्मवरील ६.३६ पेक्षा प्रमाण मूल्याच्या जवळ आहे, आणि त्याचे श्रेय बारीक कणातील कमी शोषणाला द्यावे लागेल.

फिल्म हाती आल्यानंतरच रासायनिक चाचणी केली, कारण तिच्यात नमुना नष्ट होतो. मखमली थराच्या कणावर सूक्ष्मदर्शकाखाली विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडताच बुडबुड्यांची माळ निघाली. सुईचा तुकडा त्याच आम्लात एकही बुडबुडा न सोडता विरघळला.

५ फेब्रुवारी

न-२, पितळी कण. इथे तांब्याची नळी वापरायची नाही, हे आरंभीच ठरवले होते. पितळी रंगाचा ठिसूळ कण लोहाचे सल्फाइड असण्याची शक्यता मोठी, आणि तांब्याचे किरण लोहाला उत्तेजित करून त्याची स्वतःची प्रतिदीप्ती बाहेर काढतात. लोहाची शोषणसीमा, म्हणजे जिच्याहून आखूड तरंगलांबीचे किरण त्याला उत्तेजित करतात ती मर्यादा, १.७४३ अंगस्ट्रॉमला आहे आणि तांब्याची तरंगलांबी तिच्याहून आखूड. परिणामी पूर्ण फिल्म सारखी काळवंडते आणि रेषा त्या काळोखात हरवतात. कोबाल्टची तरंगलांबी १.७९० अंगस्ट्रॉम, म्हणजे सीमेच्या किंचित पलीकडची, त्यामुळे ती लोहाला छेडत नाही. कोबाल्टची नळी आणि लोहाचा फिल्टर लावला.

कोबाल्टची नळी जिथे नसेल तिथे फिल्मसमोर ॲल्युमिनियमची पातळ पत्री धरण्याचा उपाय आहे. लोहाचे किरण अधिक मऊ असल्याने पत्रीत ते तांब्याच्या किरणांपेक्षा जास्त शोषले जातात. माझ्या हिशेबाने ०.०५ मिलिमीटरची पत्री तांब्याचे निम्मे आणि लोहाचे एक चतुर्थांशाहून थोडे अधिक किरण पुढे जाऊ देते. फायदा आहे, परंतु वेळ दुप्पट होतो.

९ फेब्रुवारी

न-२ चा प्रश्न पायराइट की मार्कासाइट असा आहे. दोन्ही लोहाची डायसल्फाइडे, रसायन एकच, जालकरचना वेगळी, म्हणून रासायनिक विश्लेषण इथे कुचकामी आणि विवर्तन निर्णायक. २.७० ते २.७१ च्या ठळक रेषेला भुलायचे नाही, कारण ती दोघांचीही आहे. २.४१ आणि २.४२ याही इतक्या जवळच्या की एकट्याने काही सिद्ध करत नाहीत. फरक करणाऱ्या रेषा निराळ्या आहेत: पायराइटची १.६३३ ही अतिशय ठळक आणि ३.१३ ची मध्यम, तर मार्कासाइटची ३.४४ आणि १.७६.

फिल्मवर ३.४४ आहे, २.७० आहे, २.४१ आणि २.३२ आहेत आणि १.७६ ठसठशीत आहे. ३.१३ च्या जागी काही नाही. १.६३३ च्या जागी, म्हणजे जोडीचे अंतर १३३ मिलिमीटर असायला हवे तिथे, भिंगातून पाहिल्यावरही रेषा दिसत नाही. कण मार्कासाइटचा आहे. नोंदीत मात्र "पायराइट नाही" असे न लिहिता "पायराइटच्या रेषा दिसल्या नाहीत" असे लिहिले, कारण मिश्रणात काही टक्क्यांहून कमी असलेला घटक या पद्धतीत डोळ्यांना दिसतोच असे नाही.

मार्कासाइट दमट हवेत विघटित होऊन आम्ल सोडते आणि शेजारच्या नमुन्यांचे व कागदी चिठ्ठ्यांचे नुकसान करते. ओळख पटताच तो कण स्वतंत्र, कोरड्या कुपीत हलवला.

१४ फेब्रुवारी

न-३ विनासायास सुटला. तांब्याच्या किरणांनी ३.५९, ३.५०, ३.०७ आणि २.४९ या रेषा मिळाल्या, म्हणजे सेरुसाइट, शिशाचे कार्बोनेट. हिऱ्यासारख्या चकाकीवरून जो संशय होता तो खरा ठरला. ३.५९ आणि ३.५० या रेषांमध्ये फिल्मच्या एका बाजूला ०.७ मिलिमीटरहून किंचित कमी अंतर आहे. लहान कॅमेऱ्यात ते निम्म्यावर येऊन दोन्ही रेषा एकमेकींना टेकल्या असत्या. शिसे क्ष-किरण जबरदस्त शोषत असल्यामुळे या खेपेस गोळी न करता चूर्णाचा पातळ लेप तंतूच्या बाहेरून दिला होता. त्यामुळे काचेचा धूसर पट्टा थोडा वाढला, पण रेषांचे सरकणे आटोक्यात राहिले.

२१ फेब्रुवारी

न-४, तपकिरी पूट. लोह असणारच, म्हणून पुन्हा कोबाल्ट. रेषा मोजक्या आणि पसरट: ४.१८, २.६९ आणि २.४५. हा गोथाइटचा नमुना आहे. २.६९ च्या रेषेत हेमॅटाइटची २.७० ची रेषा दडलेली असू शकते, म्हणून हेमॅटाइटच्या ३.६८ आणि १.८४ या जागा मुद्दाम तपासल्या. दोन्ही रिकाम्या आहेत. ३.३४ ला एक फिकट, ठिपक्यांची रेषा मात्र आहे. ती क्वार्ट्झची आहे आणि ती मिळाली हे बरेच झाले, कारण इतक्या कमी मालात प्रमाण पदार्थ (ज्याच्या रेषांची स्थाने आधीच माहीत आहेत असा) मुद्दाम मिसळला तर त्याच्याच रेषा नमुन्याला झाकून टाकतात. इथे आपोआप आलेल्या क्वार्ट्झवरून उरलेल्या रेषांची स्थाने पडताळता आली.

४.१८ ची रेषा ०.९ मिलिमीटर रुंद भरते, तर चाचणीच्या क्वार्ट्झची रेषा ०.३५ मिलिमीटर. उपकरणाची रुंदी वर्गांच्या वजाबाकीने काढून टाकली तर सुमारे ०.८३ अंश उरतात. ते रेडियनमध्ये घेऊन, रेषेच्या रुंदीवरून स्फटिकाचे माप देणाऱ्या शेररच्या सूत्रात, स्थिरांक ०.९ धरून, घातले तर स्फटिकाचे माप ११ नॅनोमीटरच्या आसपास येते. हा आकडा दशांशापर्यंत खरा मानण्यात अर्थ नाही. डोळ्यांनी मोजलेली रुंदी, गोळीची जाडी आणि गोथाइटचे स्फटिक बहुधा लांबट असल्यामुळे प्रत्येक दिशेला वेगळे असणारे माप, या सर्वांचा त्यात हिस्सा आहे. दहा-वीस नॅनोमीटरच्या घरातले स्फटिक, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते, आणि पुटाचे मातकट, चकाकीविरहित रूप त्याच्याशी सुसंगत आहे.

२४ फेब्रुवारी

चिठ्ठ्या लिहिल्या. न-१: ब्रोकँटाइट (सुया) आणि मॅलाकाइट (मखमली थर), गोथाइटवर. न-२: मार्कासाइट, कोरडे ठेवावे. न-३: सेरुसाइट. न-४: सूक्ष्मस्फटिकी गोथाइट, किंचित क्वार्ट्झसह, हेमॅटाइटच्या रेषा दिसल्या नाहीत. प्रत्येक चिठ्ठीवर फिल्मचा क्रमांक, वापरलेले किरण, कॅमेऱ्याचा प्रकार आणि आकसण्याचा गुणक लिहिला. तंतूवरच्या गोळ्या न टाकता खुंट्यांसह बंद नळ्यांत ठेवल्या आहेत, कारण त्याच गोळीची फिल्म पुन्हा घेता येते. न-१ च्या फिल्मच्या पाकिटावर रेषांची यादी दोन स्तंभांत उतरवली आहे, एकात ठिपक्यांच्या रेषा, दुसऱ्यात गुळगुळीत, आणि २.५२ ही दोन्हींत.